साइडपट्टीवरचा माणूस

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील. पालघरहून बोईसरकडे निघालो होतो. कोळगावचं जिल्हा मुख्यालय मागे पडलं होतं, उमरोळी यायची होती. पुढे एक सायकलवाला चालला होता. डोक्याला मफलर, कॅरिअरला डबा. एमआयडीसीत सातची पाळी धरायची असणार. समोरून टँकर येत होता, त्याचे दिवे थेट डोळ्यांत. मला सात दहाच्या आत शाळेत मशीनवर अंगठा लावायचा होता. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

तो डावीकडे उतरला. तिथं डांबर संपतं आणि साइडपट्टी वीतभर खाली आहे. चाक वळलं आणि तो आडवा झाला. आरशात पाहिलं तर एक हात जमिनीला टेकवून बसला होता. म्हणजे जिवंत आहे, असं मी मनात म्हटलं. हेच शब्द. आणि गाडी पुढे नेली.

अंगठा सात वाजून दोन मिनिटांनी लागला. आठ मिनिटं हातात होती.

माझे अब्बा बावीस वर्षं याच रस्त्याने सायकलवर कारखान्यात गेले. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली सुरू झाली, पुढे बोईसरला एमआयडीसी वाढली आणि आसपासच्या गावांतली माणसं शेत-मासळी सोडून पाळीवर जायला लागली, त्यांतले ते एक. मागून दिसावं म्हणून कॅरिअरला पांढरा रुमाल बांधायचे. रात्रपाळी उतरून घंटी वाजली की अम्मी तवा ठेवायची. माझं बीएडपर्यंतचं शिक्षण त्या सायकलवर झालं, असं म्हणायला हरकत नाही. हे सगळं मला त्या सकाळी आठवायला हवं होतं. आठवलं ते मस्टर.

मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. ‘हक्क’ हा शब्द दोन्ही वर्गांत येतो. मराठीच्या तासाला अर्थ विचारला की मुलं मतदानाचा हक्क, शिक्षणाचा हक्क सांगतात. म्हणजे मला मिळायचं ते. उर्दूच्या तासाला शेजाऱ्याचा हक, आईबापाचा हक, मुसाफिराचा हक निघतो. म्हणजे मी द्यायचं ते. शब्द एकच, पण हात पुढे करायचा की उघडायचा, एवढा फरक. आपल्याकडे लहानपणापासून सांगतात की नमाज चुकली तर तो बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला, तौबा करता येते. पण माणसाचं नुकसान केलं तर माफी त्याच माणसाकडून मिळवावी लागते. हुकूकुल इबाद म्हणतात ते हेच. रस्त्याचाही हक असतो आणि कुणाला त्रास न देणं हा त्यातला एक, असं हदीसमध्ये आलंय. तेही रस्त्याकडेला नुसतं बसणाऱ्यांना सांगितलेलं. गाडी हाकणाऱ्यांनी आपलं काय ते समजून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी फजरनंतर लवकर निघालो आणि उमरोळीच्या अलीकडे गाडी बाजूला लावून उभा राहिलो. म्हटलं, येईल तेव्हा थांबवून माफी मागू. सायकली यायला लागल्या. मफलर, डबा, मफलर, डबा. तेव्हा कळलं की मी त्याचा चेहरा पाहिलेलाच नाही. मला त्याची पाठ तेवढी माहीत होती.

एकदोघांना विचारलं, परवा इथं कोण पडलं होतं का? एकजण थांबला. गोरखपूरकडचा, माझ्याच वयाचा. त्याने बाही वर करून कोपरावरचा जुना व्रण दाखवला, पावसाळ्यातला. म्हणाला, “गिरना तो चलता रहता है साहब. हॉर्न बजता है तो हम देखते नहीं, उतर जाते हैं.”

या उतरण्याची नोंद कुठं होत नाही. माझ्या गाडीचा त्या माणसाला स्पर्शही झाला नव्हता, मग अपघात कसला? २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत पादचारी आणि सायकलस्वारांची विशेष काळजी घ्यायला सांगितलंय, विनाकारण हॉर्न वाजवू नये हेही आहे. लायसन्स घेताना हे कुणी वाचून दाखवलेलं मला आठवत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. आपला जिल्हा देशभर गाजला आणि मागच्या सीटवर पट्टा लावायची चर्चा सुरू झाली. चांगलंच झालं. सायकलला मात्र पट्टा नसतो. त्याच वर्षी १ एप्रिलपासून, ठोकर देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये द्यायची तरतूद लागू झाली. आधी मृत्यूला पंचवीस हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत पातळीवर करायचा असतो. पाळीवरच्या किती माणसांच्या घरी हे माहीत असेल? वाचणाऱ्यांनी निदान आपल्या मोहल्ल्यात सांगावं.

साइडपट्टी डांबराच्या पातळीला भरून घ्या, असा अर्ज मीही दिला आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. दरम्यान चमकणाऱ्या लाल पट्टीची रिळं आणली. आधी शाळेतल्या मुलांच्या सायकलींना लावली, मग सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याच जागी उभा राहायला लागलो. फडक्याने मडगार्ड पुसायचं, पट्टी चिकटवायची आणि तोच प्रश्न विचारायचा.

मागच्या आठवड्यात एका पोराने, विशीचा असेल, पट्टी लावून होईपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग विचारलं, “जिसने गिराया, वो आप ही थे क्या?”

मी हो म्हणालो.

तो काही बोलला नाही. सायकल थोडी पुढे घेतली आणि मागून येणाऱ्या दोघांना हाताने थांबवलं.