निरंक

आमच्या खात्यात एक शब्द फार सोयीचा आहे: निरंक. महिना संपला की साथरोगांचा अहवाल वर पाठवायचा. त्यात लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, मानमोडी असे रकाने, आणि जिथे काही घडलं नाही तिथे निरंक. कल्याण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली तेवढ्या वर्षांत हा शब्द किती वेळा लिहिला, याचा हिशेब नाही. बहुतेकदा गावात पाय न ठेवताच लिहिला. फोन आला नाही म्हणजे रोग नाही, असं माझं गणित होतं.

डिसेंबर २०२० मध्ये तर फोनही आला होता.

खडवलीकडच्या एका पाड्यावरची आजी. "डाक्टर, पाच कोंबऱ्या मेल्या. सकाली पानी पन नाय घेतला." मी तेव्हा एका तबेल्यात वार अडकलेल्या म्हशीपाशी होतो. दोन्ही हात भरलेले, फोन गवळ्याने कानाला धरलेला. "मानमोडी असेल आजी, थंडीत येतेच. खड्डा करून पुरा, वर चुना टाका. उरलेल्यांना लस देऊ." 'देऊ' हाही आमच्याकडचा तसाच सोयीचा शब्द. मी गेलो नाही.

आता, मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्हींत कोंबडी मलूल होते, मान टाकते, हगवण लागते, एकामागून एक मरतात. फोनवरून ओळखणं तर दूरच. एखादी ताजी मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत घालून, बर्फाच्या डब्यातून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवायची. तिथून गरज पडली तर भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत. माझ्या बाजूचं काम अर्ध्या दिवसाचं. त्याऐवजी मी नमुनाच पुरायला सांगितला. वर, मानमोडीच्या रकान्यातही त्या पाच कोंबड्या भरल्या नाहीत. भरल्या असत्या तर 'पाहणी कधी केली' असा प्रश्न आला असता. निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नाही.

जनावराच्या साथीची शंका आली की मालकाने कळवलं पाहिजे, असा २००९ चा केंद्राचा कायदा आहे. आजीला तो ठाऊक नव्हता, तरी तिने पाळला. ठाऊक होता तो मला.

जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्याची बातमी आली. पाठोपाठ मुंबईचे कावळे, दापोली, बीड, आणि आमच्या ठाण्यातले मेलेले बगळे. सगळीकडून बर्ड फ्लूचे अहवाल. बगळे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तो पाडा भातसा नदीच्या काठचा. हिवाळ्यात तिथे बगळ्यांची काय कमी?

दुसऱ्या दिवशी गेलो. खुराडं रिकामं. "दोन पुरल्या, तीन खाल्ल्या," आजी म्हणाली. "फुकट कशाला जाऊ देऊ?" शेजाऱ्यांनी उरलेल्या कोंबड्या कल्याणच्या बाजारात नेऊन विकल्या होत्या. दोष कसा देणार? साथ जाहीर झाली तर सरकार मारलेल्या पक्ष्याची भरपाई देतं, आपणहून मेलेल्याची नाही. मरायच्या आत विकणं हेच त्यांच्या दृष्टीने शहाणपण. म्हणजे माझ्या फोनवरच्या निदानानंतर त्या कोंबड्या कुठल्या दुकानात आणि कोणाच्या पातेल्यात गेल्या, हे शोधायची सोय उरली नव्हती.

"काय होता रे त्यांना?" आजीने विचारलं.

"मानमोडी," मी म्हणालो. पहिल्या वेळी तो निष्काळजी अंदाज होता. या वेळी सरळ खोटं. घरात कोणाला ताप आहे का, एवढं मात्र विचारलं; नव्हता. तिथून परतल्यावर डिसेंबरचा अहवाल दुरुस्त करायला हवा होता. केला नाही. त्या दिवसांत वरिष्ठांचे फोन तासातासाला येत होते आणि मला माझी नोकरी प्यारी होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला साथ निघाली. एका ठिकाणी शंभरेक पक्षी दगावले, नमुने भोपाळपर्यंत गेले, एच-५-एन-१ निघाला. मलाही पथकात घेतलं. पीपीई किटमध्ये घामाने निथळत एक किलोमीटरच्या परिघातली खुराडी रिकामी करताना प्रत्येक दारात ती खडवलीची आजी उभी दिसायची. एका बाईने चार गावठी कोंबड्या माझ्या हातात दिल्या आणि तोंड फिरवलं. तिच्या कोंबड्या धडधाकट होत्या.

त्या महिन्याच्या अहवालात मी पहिल्यांदा निरंक लिहिलं नाही. 'नऊ पाडे पाहिले, सात घरी विचारपूस, मरतूक आढळली नाही' असं लिहिलं. चौथ्या दिवशी ऑफिसातून फोन आला.

"रकान्यात मावत नाही हो. निरंक टाकू का?"