पाडव्याचा चक्का

बडोद्यात वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहिला की आमची चौकशी संपे. जर्मनीत बिऱ्हाड केल्यावर मात्र बारीक अक्षरे शब्दकोश घेऊन वाचावी लागली. 'श्माल्त्स' म्हणजे चरबी, बहुधा डुकराची. जिलेटिन तर गोळ्या-चॉकलेटांतही दडलेले. हे शब्द लवकर ओळखीचे झाले. खरी पंचाईत चीजची. दूध साकळवण्यासाठी वापरतात ते 'लाब' पुष्कळदा वासराच्या जठरातून काढलेले असते, आणि युरोपीय नियमांनुसार चीजवर त्याची नोंद करण्याची सक्ती नाही. 'मिक्रोबिएलेस लाब' असे कोणी आपणहून छापले, तरच निर्धास्त व्हावे. नावाजलेले पार्मेजानो तर वासराच्या लाबाशिवाय होतच नाही.

पाडव्याला सासूबाई आमच्याकडे होत्या. तेथील 'क्वार्क' थेट आपल्या चक्क्यासारखा, श्रीखंडाला अगदी सोयीचा. पण त्यातही बरेचदा थोडे लाब घालतात. "नैवेद्याला चालेल ना गं?" एवढेच त्यांनी विचारले. डब्यावर उत्तर नव्हते, आणि अंदाजाने 'हो' म्हणण्याचा हा प्रश्नही नव्हता. नुसत्या विरजणाचे दोन किलो दही आणले आणि यांच्या धुतलेल्या पंचात बांधून रात्रभर नळाला टांगले. सकाळी चक्का हाती घेऊन त्या म्हणाल्या, "वेलदोडे कुठे ठेवलेस?"