स्प्रिंग किती कडक असावी?

मागच्या अंकात अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या पोलोग्राउंड भेटीचे छायाचित्र छापले होते. ते पाहून आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "सर, शर्यतीच्या गाडीचा नाद शाळेनेच मुलांना कशाला लावायचा?" प्रश्न रास्त आहे. रात्री बायपासवर गाड्या पळवणाऱ्या मुलांच्या बातम्या आपण सारेच वाचतो, आणि अशाच एका बातमीतल्या घरी आम्ही सांत्वनाला जाऊन आलो आहोत. म्हणून शनिवारी तेथे नेमके काय चालते, ते जरा सविस्तर सांगत आहोत.

होळकरांच्या काळी जेथे पोलोचे घोडे धावत, तेथे आज जिल्हा उद्योग केंद्र, वीज कंपनीचे मुख्यालय आणि लहानमोठे कारखाने आहेत. त्यांतल्या एका शेडचा कोपरा आमच्या एका पालकांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना वापरायला दिला आहे. ही मुले आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, तिच्यासाठी त्यांनी एकच जण बसू शकेल अशी, उघड्या चाकांची गाडी बांधली आहे. यंदाची संधी हुकली तर पुन्हा नाही. आमच्या मुलांसमोर इंजिन सुरू करायचे नाही, ही आमची अट आहे आणि ती पाळली जाते.

गाडीची तक्रार अशी होती. वळणावर ती एका बाजूला झुकते, म्हणून मुलांनी मागच्या दोन्ही स्प्रिंग बदलून बाजारात मिळाल्या तेवढ्या कडक बसवल्या. झुकणे कमी झाले. पण कॉलेजच्या मैदानावर इंग्रजी आठाच्या आकारात फिरवताना गाडीची शेपूट निसटू लागली. आणखी कडक स्प्रिंग मागवाव्यात, असे त्यांच्यातल्या निम्म्यांचे मत होते. त्यासाठी वर्गणीची भाषाही सुरू झाली होती.

आमच्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी सुचवले की आधी जवळच्या स्प्रिंग मोजा. शेडमधल्या ड्रिल मशीनखाली माणसांचे वजन करायचा साधा काटा ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी केली आणि मशीनचा दांडा खाली आणत ती पाच-पाच मिलिमीटर दाबली. अकरावीच्या मुलांनी आलेख काढला. पंचवीस मिलिमीटरला एका स्प्रिंगने ८१ किलो दाखवले, तर तिच्याच जोडीच्या दुसरीने ७४. दोन्हींवर छापलेला आकडा मात्र एकच! (हा सारा हूकचा नियम. आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा आम्ही याला 'प्रत्यास्थता' म्हणून घोकले होते. मराठीतली 'स्थितिस्थापकता' आम्हाला नोकरीत आल्यावर भेटली. मुले दोन्ही शब्दांना हसतात आणि 'स्टिफनेस' म्हणतात.)

आता शेपूट का निसटते, ते पाहू. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जाईल, हे गाडीचा वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर यांवर ठरते. स्प्रिंग कडक केली म्हणून तो भार काही कमी होत नाही. पुढच्या जोडीने त्यातला किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती, याची वाटणी तेवढी स्प्रिंगच्या हाती असते. चौघांनी पालखी खांद्यावर घेतली आणि रस्त्यात उतार लागला, की ज्यांचे खांदे दबत नाहीत त्यांच्यावर जास्त ओझे येते, तसेच हे. टायरची गंमत अशी, की त्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यामुळे ज्या जोडीत एका चाकावर फार भार आणि दुसऱ्यावर फार कमी असेल, त्या जोडीची एकूण पकड घटते. मागची जोडी कडक केल्याने हेच झाले होते. शिवाय मैदान खडबडीत. फार कडक स्प्रिंगवर चाक खड्ड्यात उतरतच नाही, आणि अधांतरी चाकाला पकड कुठली?

यातला एक हिशोब नववीच्या मुलांनाही जमतो. उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी किती दबते, यावरून गाडी सेकंदाला किती हेलकावे खाईल ते निघते. पंचवीस सेंटिमीटर दबली तर एक हेलकावा, सहा सेंटिमीटरला सुमारे दोन, तीनपेक्षा थोडी कमी दबली तर तीन. घरच्या मोटारीत हा आकडा साधारण एक ते दीड असतो. या गाडीच्या मागच्या बाजूला तो तीनच्या वर गेला होता. मुलांनी मागच्या जुन्या, मऊ स्प्रिंग परत बसवल्या. आता दाब चार सेंटिमीटर आणि हेलकावे अडीच आहेत. दुसरे काहीही बदलले नाही, टायरची हवासुद्धा नाही. आठाची एक फेरी ०.३ सेकंदाने कमी वेळात होऊ लागली. नव्या स्प्रिंगचा खर्च वाचला, हे विश्वस्तांनी कृपया लक्षात घ्यावे.

इंदूरला या विषयाचे वावडे कधीच नव्हते. महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी १९३६ च्या सुमारास घेतलेली नारिंगी-काळी ड्युसेनबर्ग आजही जगभरच्या मोटारप्रेमींना ठाऊक आहे. तिला आजच्यासारख्या गुंडाळीच्या स्प्रिंग नव्हत्या, ट्रकसारखे कमान-पाटे होते. आणि आपल्या शेजारच्या पीथमपूरला नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटर लांबीची वेगचाचणी धावपट्टी २९ जून २०२१ रोजी सुरू झाली. वळणावर गाडी कशी वागते ते तपासण्यासाठी तेथे वेगळा मार्ग आहे. म्हणजे या मुलांना नोकरी शोधायला फार दूर जायला नको.

पण आम्ही ज्यासाठी लेखणी उचलली, ते हे. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापून घेण्याची टूम शहरात आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरची गाडीही अशी कापलेली होती. सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते आणि दबायला जागाही कमी उरते. गॅरेजात ज्याला शॉकर म्हणतात, तो मूळ स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला असतो; त्याला या नव्या स्प्रिंगचे हेलकावे आवरत नाहीत. ओल्या वळणावर पुढे काय होईल, हे वर सांगितलेच. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ लाही मंजूर नाहीत. त्या मुलाने काट्यावरची स्प्रिंग स्वतः दाबून पाहिली, घरी जाऊन वडिलांना आलेख दाखवला, आणि पंधरा दिवसांत गाडीला मूळच्या स्प्रिंग परत लागल्या. वडील स्वतः आम्हाला सांगायला आले होते.

पुढच्या स्प्रिंग अजून मोजायच्या आहेत. येत्या शनिवारी नववी 'ब'ची पाळी आहे. संमतिपत्र गुरुवारपर्यंत द्यावे. पायांत बंद बूट हवेत, आणि आलेखाची वही प्रत्येकाने आपापली आणावी. ज्या विश्वस्तांना यावेसे वाटते त्यांनी सकाळी आठला शाळेच्या फाटकाशी भेटावे. बसमध्ये चार जागा राखून ठेवल्या आहेत.