‘कोणत्या प्रेसमध्ये?’

नाशिकरोड

चि. सई हिस,


‘माझे आजोबा प्रेसमध्ये होते’ असं तू सांगितल्यावर लीड्सच्या तुझ्या घरमालकीणबाईंनी ‘कोणत्या वर्तमानपत्रात?’ म्हणून विचारलं, हे परवा फोनवर कळलं. त्यांचं काही चुकलं नाही. इंग्रजीत प्रेस म्हटलं की आधी पत्रकारच डोळ्यांपुढे येतो. नाशिकरोडला मात्र हा शब्द वेगळ्याच घरात नांदतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनला ‘द ला रू’ कंपनीत छापून बोटीने येत. 1925 मध्ये हा कारखाना उभा राहिला आणि तिकिटं इथे निघू लागली. 1928 मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस सुरू झाली. पहिली नोट पाच रुपयांची, पंचम जॉर्जच्या चित्राची. तुझे आजोबा, म्हणजे आपले अण्णा, तिकिटांच्या बाजूला होते. 1948 ची गांधीजींची तिकिटं स्वित्झर्लंडला छापावी लागली, याची सल त्यांच्या पिढीला होती. म्हणून 1952 मध्ये कबीर, मीरा, गालिब अशा सहा जणांची तिकिटं नव्या पद्धतीने इथेच छापली गेली, तो किस्सा ते हमखास सांगत. (त्या सहा जणांत आपले तुकोबा नव्हते, ही कुरकुरही सोबत असे.)

आत जाताना आणि बाहेर पडताना झडती. डबासुद्धा उघडून दाखवायचा. बिघडलेला, फाटलेला कागदही मोजून परत करायचा. एक कागद जुळला नाही तर सगळी पाळी थांबून राही. घरी आल्यावर अण्णा वाण्याच्या बिलाचा कागदही दोनदा उलटसुलट करून बघत, ती सवय तिथली. आणि मुलगा ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं की मुलीकडचे पुढचं फारसं विचारत नसत. क्वार्टर, पेन्शन, बोनस सगळं त्या चार अक्षरांत आलं.

फाटकावरच्या पाटीवर काय आहे ठाऊक आहे? ‘भारत प्रतिभूति मुद्रणालय’. शेजारचं ‘चलार्थ पत्र मुद्रणालय’. स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘प्रतिभूती मुद्रणालयात चला’ म्हणून बघ, तो तुला थेट कोर्टात नेऊन सोडेल. शब्द चुकीचे नाहीत, पण पाटीवरून खाली उतरून ते कुणाच्या तोंडी बसले नाहीत. उलट इथल्याच गांधीनगरच्या भारत सरकारच्या छापखान्यालाही लोक ‘गांधीनगर प्रेस’च म्हणतात. त्यामुळे नाशकात ‘कोणत्या प्रेसमध्ये?’ हा प्रश्न पडतोच, फक्त त्याचं उत्तर वर्तमानपत्राचं नाव नसतं.

पण वर्तमानपत्रवाली प्रेसही आहेच की! मंत्री आले की ‘प्रेस घेतात’, म्हणजे पत्रकार परिषद. लग्नपत्रिका ‘प्रेसला टाकतात’. चौकातल्या टपरीवर शर्ट ‘प्रेस करतात’. जुनी माणसं तिथे इस्त्री म्हणतात, आणि तोही शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. आजीला मोबाइल दाखवताना नातवंडं ‘हे बटण प्रेस कर’ म्हणतात. माझं मत विचारशील तर मराठीने इथे मोठी हुशारी केली आहे. इंग्रजीतून एकच शब्द उचलला आणि प्रत्येक अर्थाला वेगळं क्रियापद जोडून दिलं. प्रेसमध्ये असणं, प्रेस घेणं, प्रेसला टाकणं, प्रेस करणं. घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो नुसत्या ‘प्रेसवाल्या’चा, कारण तो बातमीदारही असतो आणि कपड्यांचा गठ्ठा घेऊन येणाराही.

आपला देशी ‘छापा’ तरी काय कमी आहे? नाणेफेकीतला छापा, पुस्तकाचा छापा आणि पोलिसांचा छापा. नाशकात यातले शेवटचे दोन एकत्र आले होते. बाबाराव सावरकरांना 1909 मध्ये काही कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी 21 डिसेंबरला अनंत कान्हेरेने विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि पुढच्या फेब्रुवारीत सरकारने प्रेस अ‍ॅक्ट आणला. नवा छापखाना काढायचा तर 500 ते 2000 रुपयांपर्यंत अनामत मागता येत असे, आणि मजकूर आवडला नाही की ती जप्त. कायद्यात या अनामतीला शब्द होता ‘सिक्युरिटी’. 1922 मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि तीनच वर्षांत त्याच सरकारने ‘सिक्युरिटी प्रेस’ उभी केली! आधी प्रेसकडून सिक्युरिटी घेतली, मग प्रेसमध्ये सिक्युरिटी छापायला घेतली. पहिलीचा अर्थ जामीन, दुसरीचा अर्थ किमती सरकारी कागद. पुढे तेलगीच्या बनावट स्टँपपेपरचं प्रकरण उघडलं, त्यात इथली लिलावात काढलेली यंत्रं त्याच्याकडे गेल्याचं निघालं. तेव्हा गावात तिसराच अर्थ विचारू लागले: मग सिक्युरिटी होती कुठे? अण्णांना तो विनोद मुळीच आवडत नसे.

राहता राहिला मूळ अर्थ, दाबून रस काढण्याचा. गटेनबर्गने पंधराव्या शतकात छपाईचं यंत्र केलं ते द्राक्षं पिळायच्या फिरकीच्या दाबयंत्रावरून, असं मानतात. तो अर्थही आता गंगापूर धरणाच्या बाजूला पोहोचला आहे. हंगामात तिथल्या वायनरीत गेलीस तर आडवं पडलेलं एक भलंमोठं पिंप दिसेल. त्याच्या आत हवेने पिशवी फुगते आणि द्राक्षं हळूहळू दाबली जातात. कामगार त्यालाही प्रेसच म्हणतात. सुट्टीवर आलीस की दाखवीन.

तुझा पासपोर्टही अण्णांच्याच प्रेसचा बरं का. आता चिप बसवलेले निघतात, तेही इथूनच. मुदत कधी संपते ते आजच बघून ठेव, ऐनवेळी धावपळ नको. आणि बाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा