घरगुती ध्वनिमुद्रण

ज्याला गाता येत नाही आणि गप्पही बसवत नाही, अशा माणसाने पूर्वी तबल्याचा क्लास लावावा, नाहीतर संगीत मंडळाचं खजिनदारपद घ्यावं. 1990 नंतर अशा माणसाची तिसरी सोय झाली. तो कॉम्प्युटर घेऊन घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू लागला. मी या तिसऱ्या प्रकारातला.

आमच्या पिढीतल्या या जमातीचं कुलदैवत म्हणजे 'कूल एडिट' नावाचा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या रॉबर्ट एलिसन आणि डेव्हिड जॉन्स्टन या दोघांनी सिंट्रिलियम नावाची कंपनी काढली, आणि तिथून हा प्रोग्रॅम जगभर गेला. नावावरून प्रथम मला तो सरबताचा प्रकार वाटला होता. माझ्याकडे आला तो 'कूल एडिट 96'. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवर तो होता, आणि फुकट मिळालेल्या वस्तूचं जे करायचं ते आम्ही केलं. म्हणजे मासिक रद्दीत दिलं आणि सीडी जपून ठेवली.

या प्रोग्रॅमची एक गंमत होती. पैसे भरून नोंदणी केलेली नसली तर उघडल्याबरोबर तो विचारायचा, आज कुठले दोन विभाग वापरणार? एका बैठकीला दोनच. शिवाय केलेलं काम 'सेव्ह' करणं हासुद्धा त्यांतलाच एक विभाग! म्हणजे उरला एकच. आज आवाज मोठा करायचा असेल तर आज तो घुमवता येणार नाही. घुमवायचा असेल तर दुकान बंद करा, पुन्हा उघडा आणि पुन्हा रांगेत उभे राहा. हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी आपल्याकडच्या बँकेत खातं उघडलं असलं पाहिजे, अशी माझी खात्री झाली. पैसे या खिडकीवर, पासबुक त्या खिडकीवर, आणि सहीचे साहेब जेवायला गेलेले. बाकीचे लोक त्यावर वैतागायचे. मला मात्र ऑफिसातून ऑफिसातच आल्यासारखं वाटायचं.

खरं सांगायचं तर मी त्या प्रोग्रॅमच्या प्रेमात पडलो तो संगीतामुळे नव्हे, हिशेबामुळे. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांनी आवाज काढलेला असायचा. मध्ये शून्याची आडवी रेघ. आवाज तिच्यावर जातो, खाली येतो, आणि वर जेवढा गेला तेवढाच साधारण खाली जातो. नावे आणि जमा! बी.कॉम.ला तीन वर्षं मी ताळेबंद जुळवले, पण ताळेबंद गाताना मी प्रथमच ऐकला. पातळी मोजायची डेसिबलमध्ये, आणि तिथे शून्य ही वरची मर्यादा. म्हणजे सगळेच आवाज उणे. उणे तीन म्हणजे ठणठणीत, उणे चाळीस म्हणजे पुटपुट, आणि शून्याच्या वर चढायला गेलात की लाटेचे शेंडे छाटले जाऊन आवाज फाटतो. मर्यादेबाहेर गेलेल्या कर्जखात्याचंही असंच होतं, फक्त तिथे फाटण्याचा आवाज मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधून येतो.

कापाकापीचंही तसंच. आवाजाचा तुकडा कापताना लाट शून्याच्या रेघेला जिथे छेदते तिथेच कापायचा. वर-खाली कुठेतरी कापलात तर जोडावर 'टक्' असा आवाज राहतो. बँकेत आम्ही काय वेगळं करतो? शिल्लक शून्यावर आणल्याखेरीज खातं बंद होत नाही. हे मी आमच्या हिला इतक्या उत्साहाने समजावून सांगितलं की ती म्हणाली, "तुम्ही कुणाकडे बोलायला जात नाही तेच बरं आहे."

जागेची मात्र फार ओढाताण असे. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. एका मिनिटाला साधारण 10 एमबी. त्या काळातली फ्लॉपी 1.44 एमबीची. म्हणजे एका फ्लॉपीवर मावायचे आठ सेकंद. आठ सेकंदांत आमच्याकडचे गवई खाकरूनसुद्धा होत नाहीत.

आमच्या मेहुण्यांना जुन्या हिंदी गाण्यांचा नाद. त्यांना कॉलनीच्या गणपतीत गायचं होतं. कॅरिओकेच्या सीड्या महाग, तेव्हा मूळ गाण्यातला गायक काढून द्यायची कामगिरी माझ्याकडे आली. यामागची युक्ती सोपी आहे. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा, मधोमध ठेवलेला असतो. डावीतून उजवी बाजू वजा करा, दोन्हींकडे सारखं असेल ते उडून जातं आणि बाजूबाजूची वाद्यं उरतात. 'व्होकल कट' म्हणून तयार सोयच होती तिथे. मी वजाबाकी लावली. मशीन पाच मिनिटं घरघरलं. मग आम्ही दोघं गाणं ऐकायला बसलो, आणि बसूनच राहिलो. काहीही ऐकू येईना. गायक गेला, पण जाताना वाद्यवृंदही घेऊन गेला.

"दाजी, गाणं कुठं गेलं?" मेहुणे म्हणाले.

कारण मला तत्काळ कळलं. गाणं जुन्या जमान्यातलं, मोनो. दोन्ही बाजूंना एकच माल. डावीतून उजवी वजा केली की बाकी शून्य. "टॅली झालं," मी म्हणालो. नोकरीत इतकी वर्षं काढूनही पहिल्या झटक्यात असं पैशाला पैसा टॅली झालेलं मी पाहिलं नव्हतं. मेहुण्यांना त्यातलं सौंदर्य दिसलं नाही. शेवटी मूळ गाणंच बारीक आवाजात मागे लावून ते वर गायले. त्यांना वन्समोअर मिळाला. त्यातला बराचसा मूळ गायकाचा होता.

पण या प्रोग्रॅमची खरी करामत म्हणजे नॉइज रिडक्शन, आवाजातला कचरा काढणं. त्याची रीत अशी: मुद्रणातला अर्धा सेकंद असा निवडायचा की ज्यात नुसता कचरा आहे, माणसाचा आवाज अजिबात नाही. तो मशीनला दाखवायचा. हा बघ, हा कचरा. मग मशीन त्या अर्ध्या सेकंदाचा स्वभाव ओळखून तेवढाच भाग सगळ्या गाण्यातून उपसून काढतं. कल्पना उत्तम आहे. पण अमेरिकेत सुचलेली आहे. ज्यात कुणीच बोलत नाही असा अर्धा सेकंद डोंबिवलीत दोन खोल्यांच्या जागेत आणायचा कुठून? पंखा होता, पाण्याचा पंप होता, रुळांवरून गाड्या होत्या, पण त्या सगळ्यांवर कुणीतरी बोलत होतंच. शिवाय उपसा जरा जास्त झाला की माणूस विहिरीच्या तळाशी बसून गुळण्या करतोय असा आवाज येतो.

सिंट्रिलियमने आपला हा माल 2003 साली अडोबीला 1 कोटी 65 लाख डॉलरला विकला आणि कूल एडिटचं नाव 'ऑडिशन' झालं. पिठाच्या गिरणीचं नाव बदलावं तसं. जुनी गिऱ्हाइकं जुन्याच नावाने विचारतात. फुकटात हवं असणाऱ्यांसाठी 2000 सालापासून 'ऑडॅसिटी' होतंच. ते अजूनही आहे आणि चांगलं आहे. मी मात्र माझी सीडी सोडली नाही.

त्या सीडीवर 2004 साली मी आत्याचे अभंग मुद्रित केले. आत्या भजनी मंडळात गायची. अडुसष्ट वर्षांचं वय, पण आवाज खणखणीत. चार अभंग झाले. तिसऱ्या अभंगात, 3 मिनिटं 12 सेकंदांवर, स्वयंपाकघरातून आई विचारते, "वन्सं, चहा टाकू का?" आणि आत्या टाळ न थांबवता दोन ओळींच्या मध्ये म्हणते, "वहिनी, साखर बेताची हं." आणि तालात पुढची ओळ उचलते. समेवर!

आई 2006 साली गेली. फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र एवढाच.

आत्या 2022 साली गेली. वर्षश्राद्धाला मंडळाच्या सभागृहात तिचे अभंग लावायचं आतेभावाने ठरवलं आणि माझ्याकडून फाइली नेल्या. हल्लीचे प्रोग्रॅम फार पुढे गेलेत. त्यांना कचऱ्याचा अर्धा सेकंद दाखवावा लागत नाही. माणसाचा आवाज कुठला आणि पंखा कुठला हे त्यांचं ते ओळखतात. आठवड्याने त्याने स्वच्छ केलेली प्रत पाठवली. पंखा नाही, गाडी नाही, कुकर नाही. आत्या जणू संगमरवरी देवळात एकटी बसून गातेय. ऐकायला सुरेख. तिसरा अभंग मात्र चार सेकंदांनी कमी भरला. जोड इतका बेमालूम की 'टक्' सुद्धा नाही.

मी फोन केला.

"अरे, मामी मध्येच बोलल्यात ना, तेवढं काढलं," तो म्हणाला. "प्रोफेशनल वाटायला पाहिजे."

"ते परत घाल."

"दादा, लोकांसमोर लावायचंय. चहा-साखर काय!"

"हे बघ," मी म्हटलं, "आमच्याकडे लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही. नोंद पटली नाही तर खाली उलटी नोंद करतात. वरची तशीच दिसत राहते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. इतका गप्प की तो अर्धा सेकंद 2004 साली मिळाला असता तर माझं किती काम झालं असतं. मग म्हणाला, "म्हणजे नक्की काय करू?"

"तुझी प्रत तू ठेव. सभागृहात माझी लाव."

सभागृहात माझीच लागली. पहिले दोन अभंग लोकांनी माना डोलावत ऐकले. तिसऱ्याला, पंख्याच्या घरघरीत, मागून कर्जतची गाडी जात असताना, आईने चहाचं विचारलं. आत्याने साखर सांगितली. मंडळातल्या तिच्या तीन-चार मैत्रिणी पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत ते मला मागून कळेना. अभंग संपला आणि त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी, ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात, शेजारणीला विचारलं, "मग केला का गं वहिनीनं चहा?"