पटावरचं मूल आणि वर्गातलं मूल

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. विषय तसा रुक्ष आहे. शाळेतल्या मुलांची ऑनलाईन माहिती, तिची एकमेकांशी जोडणी आणि त्यासाठी होणारा सरकारी खर्च. पण माझी वहिनी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्या घरात हा विषय पाऊस आणि महागाईइतकाच नेहमीचा. यू-डायस, सरल, संचमान्यता, अपार हे शब्द आता आमच्या आईलाही पाठ झालेत! तेव्हा मंडळी, जरा धीर धरून वाचा.

सुरुवात पटापासून करू. पट म्हणजे नुसती मुलांची संख्या नव्हे. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, पोषण आहाराचा तांदूळ ठरतो, अनुदान ठरतं. पूर्वी शाळेनं वर कळवायची ती फक्त बेरीज. ३० सप्टेंबरला अमुक इयत्तेत मुलगे इतके, मुली इतक्या. नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात ‘डायस’ सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली, पण तिच्यातही शाळेचा आकडा होता, मुलाचं नाव नव्हतं. आणि नुसता आकडा फुगवणं किती सोपं!

किती सोपं, ते २०११ च्या ऑक्टोबरात कळलं. राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना निवडणुकीसारखी शाई लावली. पटावर होती पण वर्गात नव्हती अशी सुमारे २० लाख मुलं निघाली. ही मुलं जन्मलीच नव्हती, किंवा दुसऱ्याच शाळेत शिकत होती, पण त्यांच्या नावावर तुकड्या चालत होत्या, पगार निघत होते.

तेव्हा प्रत्येक मुलाची वेगळी नोंद हवी, हे पटण्यासारखंच होतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं ‘सरल’ आणलं. देशपातळीवर यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून शाळेच्या बेरजेऐवजी मुलागणिक माहिती भरायला सुरुवात झाली. २०२१-२२ ला देशातले विद्यार्थी होते २६.५२ कोटी, २०२३-२४ ला भरले २४.८० कोटी. मोजायची पद्धतच बदलल्यामुळे या दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये असं शिक्षण मंत्रालयाचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. त्यानंतर आला ‘अपार’, म्हणजे बारा आकडी नंबर, जो शाळेपासून कॉलेजापर्यंत मुलाबरोबर राहणार.

मी या सगळ्याच्या विरोधात आहे असं वाटत असेल तर थांबा. वहिनीच्या शाळेतली कितीतरी मुलं दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. मधले पाच महिने हे मूल कुठे होतं, कोणत्या शाळेत बसलं, काही शिकलं का, ह्याचा पत्ता जुन्या रजिस्टरमधून लागत नाही. हंगामी वसतिगृहं झाली, शिक्षण हमी कार्डं झाली, पण कार्ड कोपीत भिजतं, हरवतं. कारखान्याजवळच्या शाळेला एका क्लिकवर कळलं की ही मुलगी तिसरीत आहे, वजाबाकीत हातचा घेताना अडते, तर माहिती जोडण्याचं सार्थक झालं. ज्या मुलाच्या मागे कागद नाहीत त्याला अशा नोंदीची सगळ्यात जास्त गरज आहे.

गंमत अशी की अडकतंही नेमकं तेच मूल. आधारशी नाव, लिंग आणि जन्मतारीख जुळली पाहिजे. आमच्या पिढीचं बरं होतं, अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला! गुरुजींनी लिहिला तोच खरा. आता मराठीत एकच असलेलं नाव इंग्रजीत दोन तऱ्हेनं लिहिलं गेलं तरी मशीन ‘नाही’ म्हणतं. दुरुस्तीसाठी तालुक्याला जायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. आणि ज्याचे आईबाप फडात आहेत त्यानं जायचं तरी कोणाबरोबर? २०२२-२३ च्या संचमान्यतेला आधार जुळलेलीच मुलं धरायची असं ठरलं, तेव्हा शिक्षकांनी केवढी ओरड केली होती. म्हणजे २०११ मध्ये मूल पटावर होतं आणि वर्गात नव्हतं, आता वर्गात पुढ्यात बसलेलं मूल पटावर धरायला तयार नाहीत. त्या एका मुलापायी एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, आणि त्याचा फटका बाकीच्या सगळ्या वर्गाला.

आता पैशाचं बोलू. समग्र शिक्षा योजनेला २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २,९४,२८३ कोटी रुपये मंजूर झाले होते. आपल्या राज्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. दरवर्षी राज्य आपली योजना आणि अंदाजपत्रक दिल्लीला नेतं आणि तिथे चर्चा होते ती याच यू-डायसच्या आकड्यांवर. एवढ्या मोठ्या खर्चाचा पाया ज्या माहितीवर, ती भरतं कोण? प्राथमिक शाळेला क्लार्क नसतो. दोनशिक्षकी शाळेत एकजण पोर्टलशी झगडत बसला की दुसऱ्याकडे चारही इयत्ता. रेंज नसली की वहिनी घरी येऊन रात्री माहिती भरते, कारण सर्व्हर दिवसा चालत नाही. हा वेळ कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत २००५ पासून केंद्र सरकार राज्यांना अशाच जोडलेल्या माहितीसाठी अनुदान देतंय, आणि २००९ च्या मंदीतल्या पॅकेजमध्ये त्यासाठी २५ कोटी डॉलर ठेवले होते. तरी तिथे ‘इनब्लूम’ नावाचा प्रकल्प, खाजगी संस्थांनी दिलेल्या १० कोटी डॉलरवर उभा राहिलेला, २०१४ मध्ये बंद करावा लागला. तंत्र चुकलं नव्हतं. आमच्या मुलांची माहिती कोणाकडे जातेय हे पालकांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं. पैसा होता, विश्वास नव्हता.

आपल्याकडे अपारसाठी पालकांची संमती लागते, ती ऐच्छिक आहे. पण वरून टक्केवारी विचारली जायला लागली की संमतीचा अर्थ बदलतो. वहिनी फॉर्म वाचून दाखवते, समजावते, आणि समोरची आई म्हणते, “मॅडम, तुमी सांगा कुठं अंगठा लावायचा.” हा विश्वास सरकारवर नाही, वहिनीवर आहे. उद्या त्या माहितीचं काही भलतं झालं तर दारात उभं राहून उत्तर द्यावं लागेल तेही तिलाच.

म्हणून मला वाटतं, पुढची योजना आखताना सॉफ्टवेअरच्या आधी दोन गोष्टींसाठी पैसे ठेवावेत. एक, प्रत्येक केंद्रशाळेत एक माणूस, ज्याचं काम माहिती भरणं आणि चुकलेली दुरुस्त करून देणं. आधारचं मशीन त्यानं वाडीवस्तीवर न्यावं. दुसरं, वर गेलेली माहिती खाली परत यायला हवी. आज वहिनी शंभर रकाने भरते, पण तिच्या शाळेतून गेलेलं मूल पुढच्या गावी दाखल झालं का, हे तिला अजून फोन करूनच विचारावं लागतं.

कायदा मात्र मुलाच्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही असं सांगितलंय. वहिनी ते पाळते. नवं मूल आलं की आधी पाटी-पुस्तक देऊन वर्गात बसवते, नंबराचं नंतर बघते. हा क्रम सगळीकडे असाच राहिला तर नंबर कितीही आकडी असो, माझी तक्रार नाही.

तुमच्या घरातही कोणी शिक्षक असतीलच. त्यांचा अनुभव काय आहे, जरूर लिहा.