पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा व्यायाम

व्यापारी घरातील स्त्रीला स्वतःच्या शरीरासाठी वेळ काढणे सहसा साधत नाही. सांगलीतील एका धान्यव्यापाऱ्याच्या घरातील थोरल्या सूनबाईंनी मात्र ते पंधरा वर्षे साधले होते. पहाटे साडेपाचला बाहेर पडावे, तासभर झपाझप चालावे आणि सातच्या आत स्वयंपाकघरात यावे, या क्रमात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

सेहेचाळिसाव्या वर्षी पाळीचे गणित बिघडले. कधी दोन महिने काहीच नाही, तर कधी आठ-आठ दिवस अंगावरून जायचे. मध्यरात्री अंगाची आग होऊन जाग यायची. आहार तोच असूनही कंबरेचा घेर वाढला. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय योजला. चालणे दीड तासावर नेले आणि जेवणातील पोळी कमी केली. तीन महिन्यांत वजन उतरले नाही. गुडघे मात्र दुखू लागले आणि माडीचा जिना चढताना धाप लागू लागली. घरातील सर्वांनी निदान केले, 'वय झाले.' त्यांनाही ते पटले.

धाकट्या जाऊबाईंना पटले नाही. त्या त्यांना आग्रहाने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. या काळात दरमहा बीज सुटेलच असे नसते. ते न सुटल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढची पाळी फार जाते. धाप वयामुळे नव्हे, तर रक्त कमी झाल्यामुळे लागत होती. आधी तपासण्या व उपचार, व्यायामाचा विचार नंतर, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वर-खाली होत राहते आणि शेवटी घटते. हाडांची झीज रोखून धरण्याचे काम हे संप्रेरक करीत असते. पेढीच्या भाषेत सांगायचे तर हाडांची ठेव साधारण तिशीपर्यंत जमा होते. पुढे ती राखायची असते, आणि नेमक्या याच काळात तिच्यातून उचल वाढते. स्नायूही कमी होतात, चरबी पोटाभोवती साठते. चालणे हृदयाला हितकर आहेच, पण त्याने दंड, पाठ आणि खांद्यांना पुरेसा भार मिळत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामासोबत दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगितला आहे.

सूनबाईंना हे पटण्यास आकडे लागले नाहीत. त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले होते आणि अखेरची दोन वर्षे त्या अंथरुणावर होत्या. ती सेवा सूनबाईंनीच केली होती.

रक्त भरून आल्यावर त्यांचा नवा क्रम ठरला. चालणे अर्धा तास. सोमवारी व गुरुवारी फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम: हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे, टाचा उचलणे, दोन्ही हातांत एक-एक किलोचे डंबेल. तोल राखण्यासाठी कट्ट्याजवळ एका पायावर उभे राहणे. वजन हळूहळू वाढवायचे. रात्र जागून गेली असेल तर त्या दिवशी केवळ सावकाश चालणे. घाम फार येत असल्याने सुती कपडे आणि पहाटेचीच वेळ. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पाणीही मर्यादित असेल तेव्हा, भाराचा व्यायाम पूर्ण बंद. कमी केलेली पोळी पुन्हा ताटात आली आणि तिच्याबरोबर वाटीभर घट्ट वरण, दही, आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी. शाकाहारात प्रथिने व कॅल्शियम मिळते. ते जाणीवपूर्वक वाढून घ्यावे लागते.

सर्वांत अवघड ठरले ते कमी चालणे. पंधरा वर्षांच्या नियमाला कात्री लावणे त्यांना आळस वाटे. वजनकाट्यावर फरक फारसा दिसला नाही. परंतु सुरुवातीला सलग चार वेळाही न जमणारे खुर्चीतून उठणे सहा महिन्यांनी बारा वेळा जमू लागले, आणि जिन्याच्या कठड्याचा आधार सुटला.

आता धाकट्या जाऊबाईही सोमवारी व गुरुवारी त्यांच्यासोबत असतात. त्या दोन सकाळी चहा घरातील पुरुष करतात. पुढे पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा थेंबभर रक्त दिसले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, हे दोघींनी आताच ठरवून ठेवले आहे.